सरासरी शेतकरी राहतो कोठे?



शेतीविषयीच्या सरकारी कागदांत एक माणूस पुन्हा पुन्हा भेटतो. त्याचे नाव 'सरासरी शेतकरी'. त्याच्याकडे 1.08 हेक्टर जमीन आहे, त्याचे कुटुंब महिन्याला 10,218 रुपये मिळवते आणि त्याच्या डोक्यावर 74,121 रुपयांचे कर्ज आहे. जमिनीचा आकडा 2015-16 च्या कृषिगणनेतला. मिळकतीचा आणि कर्जाचा आकडा राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 77 व्या फेरीतला, म्हणजे 2018-19 सालचा. आकडे खोटे नाहीत. बेरीज बरोबर आहे, भागाकारही बरोबर आहे. पण हा माणूस कोणत्या गावात राहतो ते विचारा; एकही तलाठी त्याचा सातबारा काढून देऊ शकणार नाही.

अग्रलेख आकडेमोडीवर आहे हे पाहून पान उलटू नका. आपल्या मालाचा भाव, आपल्या पिकाचा विमा आणि आपल्या कर्जाची चर्चा या तिन्ही गोष्टी कोणत्या ना कोणत्या सरासरीवर ठरतात. सरासरी कोणती घ्यायची हे ठरवणारा माणूस बहुधा पैसे देणाऱ्या बाजूला बसलेला असतो. तेव्हा हा हिशेब आपल्याला यायला हवा. तो दहावीच्या पुस्तकातला आहे, त्यापलीकडचा नाही.

कर्जापासून सुरुवात करू. देशातल्या प्रत्येक शेतकरी कुटुंबावर सरासरी 74,121 रुपये कर्ज. ऐकणाऱ्याला वाटते, एवढेच ना? एका जोडधंद्यात फिटेल. पण त्याच पाहणीत आणखी एक आकडा आहे: कर्ज असलेली कुटुंबे 50.2 टक्के. म्हणजे जवळजवळ निम्म्या घरांवर कर्ज नाहीच, आणि भागाकार करताना ती घरेही मोजली आहेत. ज्यांच्यावर खरोखर कर्ज आहे त्यांच्यापुरते भागा, तर एका घरावर सुमारे 1 लाख 48 हजार रुपये येतात. बरोबर दुप्पट. कर्जबाजाऱ्याचे अर्धे ओझे कागदावर कर्ज नसलेल्याच्या खांद्यावर ठेवले आणि दोघांनाही हलके दाखवले!

आता कोणी म्हणेल, सरासरी सोडा, मधला शेतकरी पाहा. सगळी कुटुंबे कर्जाच्या क्रमाने एका रांगेत उभी करा, शून्यवाले पुढे, सर्वात मोठा कर्जदार शेवटी, आणि बरोबर मधोमध उभा असलेला माणूस शोधा. 49.8 टक्के रांग शून्यावालीच आहे. मधला माणूस त्या शून्याच्या उंबरठ्यावर उभा. त्याच्यावर कर्ज जवळजवळ नाही. उद्या एखाद्या मंत्र्याने सभागृहात सांगितले की देशातला मधला शेतकरी कर्जमुक्त आहे, तर त्याला खोटे ठरवता येणार नाही. सरासरीने दुखणे निम्मे दाखवले. मधल्याने तर ते नाहीसेच केले.

यातली मेख कळायला तीन शब्द पक्के करून घेऊ. सगळ्यांची बेरीज करून संख्येने भागले की येतो तो मध्य, ज्याला आपण सरासरी म्हणतो. रांगेत मधोमध उभा असतो तो मध्यक. आणि जो आकडा सर्वात जास्त वेळा येतो तो बहुलक. इंग्रजीत त्याला 'मोड' हे नाव कार्ल पिअर्सन या संख्याशास्त्रज्ञाने 1895 साली दिले. तिघेही 'मधे काय आहे' याच प्रश्नाचे उत्तर देतात. रांग दोन्ही बाजूंना सारखी पसरलेली असेल आणि गर्दी मधोमध असेल, तर तिघांचे उत्तर एकच येते आणि भांडण उरत नाही. पण रांग एका बाजूला लांबत गेली, तिला शेपूट फुटले, की तिघे तीन उत्तरे देतात. या एकांगीपणाला संख्याशास्त्रात विषमता म्हणतात. शेपूट मोठ्या आकड्यांकडे असेल तर धन विषमता, लहान आकड्यांकडे असेल तर ऋण विषमता. शेतीतल्या बहुतेक रांगांना शेपूट असते, आणि सरासरी नेहमी शेपटाच्या ओढीने सरकते.

आता बाजारात चला. समजा, एका दिवशी एका आवारात कांद्याच्या नऊ गाड्या लिलावाला लागल्या. क्विंटलचे भाव फुटले ते असे: 700, 800, 800, 800, 900, 1000, 1100, 1300 आणि मुहूर्ताच्या पहिल्या वाहनाला 3400. दुसऱ्या दिवशी पेपरात काय येते? 'कांद्याला 3400 चा भाव.' शहरातली गृहिणी डोळे विस्फारते, आणि शेतकऱ्याची चंगळ चालली आहे अशी बोंब सुरू होते.

नऊ भावांची बेरीज 10,800, सरासरी 1200. त्या नऊपैकी किती जणांना 1200 किंवा त्याहून जास्त मिळाले? दोघांना. सात जण सरासरीखाली आहेत. मधला, पाचवा भाव 900. बहुलक 800. पिअर्सनचे मापही हेच पाहते की सरासरी बहुलकापासून किती दूर गेली. इथे ती 400 रुपये वर गेली आहे, म्हणजे शेपूट वरच्या बाजूला आहे. कमाल आणि किमान यांची बेरीज करून कोणी अर्धी केली तर 2050 येतात, आणि त्या आकड्याच्या आसपासही एकाचा माल विकला गेलेला नाही. तरीसुद्धा पारावरच्या गप्पांत भावाचा अंदाज याच पद्धतीने बांधला जातो, हे आपण सगळे जाणतो.

पणन मंडळाच्या तक्त्यात कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर आणि सर्वसाधारण दर असे तीन रकाने असतात. केंद्राच्या ॲगमार्कनेटवरही किमान, कमाल आणि 'मोडल' असे तीनच. सर्वसाधारण दर म्हणजे ज्या भावाने सर्वात जास्त माल विकला गेला तो, अशी त्यामागची कल्पना आहे. ती वाईट नाही. वरच्या उदाहरणात तो 800 निघेल आणि 3400 च्या मथळ्यापेक्षा तो शंभरपट प्रामाणिक आहे. पण तो खरोखर मोजून काढायचा असेल तर दिवसभराच्या सगळ्या पट्ट्या भावाप्रमाणे लावाव्या लागतात. आपल्या बाजार समितीत हे काम कोण करतो, कशावरून करतो आणि किती वाजता करतो, हा प्रश्न प्रत्येक तालुक्याने विचारायचा आहे.

शिवाय गाडी आणि गाडी सारखी नसते. समजा, त्या मुहूर्ताच्या वाहनात दोनच क्विंटल निवडक माल होता आणि बाकी आठ गाड्यांत प्रत्येकी 20 क्विंटल. मग एकूण 162 क्विंटलचे 1,54,800 रुपये झाले. क्विंटलला साधारण 956. वजन धरले की 1200 ची सरासरी 956 वर येते. याला भारित सरासरी म्हणतात. आवारात एका दिवसात किती पैसा शेतकऱ्याच्या हाती पडला हे सांगायला हीच योग्य. पण ती पुन्हा मालाची सरासरी आहे, माणसांची नव्हे.

शेपूट किती लांब आहे हे न भुलता पाहायचे असेल तर आर्थर बाउली यांची रीत बरी. हे इंग्रज संख्याशास्त्रज्ञ. 1934 साली त्यांनी रॉबर्टसन यांच्याबरोबर हिंदुस्थानच्या आर्थिक गणनेची योजना लिहून दिली होती. त्यांची रीत अशी: रांगेचे चार सारखे भाग करा. आपल्या नऊ भावांत खालच्या चौथाईची रेघ 800 वर, मधली 900 वर, वरच्या चौथाईची 1200 वर पडते. मधल्यापासून वरची रेघ 300 दूर, खालची 100. फरक 200, एकूण पसारा 400. 200 भागिले 400 म्हणजे 0.5. शून्य आले असते तर रांग सारखी. इथे ती वर लांबलेली आहे. गंमत अशी की मुहूर्ताचा भाव 3400 ऐवजी 5000 केला तरी हे उत्तर बदलत नाही, मध्यकही बदलत नाही. सरासरी मात्र 1200 वरून 1378 वर उडी मारते. एका हाराने आणि एका फोटोने सगळ्या बाजाराची सरासरी वाढते ती अशी.

हे झाले विक्रीचे. त्याहून खोल पाणी उत्पादन खर्चात आहे. 2018-19 पासून सरकार सांगते की हमीभाव देशपातळीवरच्या भारित सरासरी उत्पादन खर्चाच्या किमान दीडपट आहे. 2025-26 च्या खरिपात सोयाबीनचा हा खर्च क्विंटलला 3552 रुपये धरला आणि हमीभाव 5328 जाहीर झाला. यातला खर्च कोणता, हा वाद आपण अनेक वर्षे घालत आलो आहोत: रोख खर्च आणि घरच्यांची मजुरी एवढेच धरायचे, की स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलाचे व्याजही धरायचे. तो वाद संपलेला नाही. पण दुसरा एक प्रश्न आपण कधी विचारला नाही. खर्च कोणताही धरा, सरासरी कोणाची?

पाच शेतकरी घ्या. प्रत्येकाची एक एकर, प्रत्येकाचा खर्च 20,000 रुपये. पिकले मात्र वेगवेगळे: 10, 8, 5, 4 आणि अडीच क्विंटल. क्विंटलमागे खर्च पडला 2000, 2500, 4000, 5000 आणि 8000. पाहा, उत्पादन निम्मे झाले की खर्च दुप्पट होतो, चौथाई झाले की चौपट. म्हणून क्विंटलमागच्या खर्चाच्या रांगेला वरच्या बाजूचे शेपूट असतेच. ते आळशी शेतकऱ्यामुळे येत नाही, भागाकारामुळे येते. आणि त्या शेपटात कोण उभा असतो? हलक्या रानाचा, पावसाच्या भरवशावरचा कोरडवाहू शेतकरी.

साधी सरासरी काढली तर खर्च 4300. मधल्याचा खर्च 4000. पण भारित सरासरी काढायची तर एक लाख रुपयांना साडेएकोणतीस क्विंटलने भागायचे, उत्तर 3390. ज्याच्याकडे जास्त पिकले त्याचे वजन जास्त, आणि त्याचाच खर्च सर्वात कमी. अखिल भारतीय आकडा काढताना राज्यांनाही उत्पादनातल्या वाट्याप्रमाणे वजन मिळते, तेव्हा चांगल्या पाण्याचा मुलूख आकडा खाली ओढतो. या 3390 मध्ये पाचांपैकी दोघांचाच खर्च भरून निघतो; मधल्या माणसाचासुद्धा नाही. दीडपट केले तर 5085 होतात. चौथ्याला क्विंटलमागे 85 रुपये उरतात, चार क्विंटलचे 340. एका हंगामाचे, एका एकराचे, आणि तेही हमीभाव हातात पडला तर! पाचवा सात हजारांनी बुडतो.

पाचव्याचा खर्च धरून सगळ्यांना भाव द्या असे आम्ही म्हणत नाही. दगडावर पेरणाऱ्याचा खर्च देशाने भरावा ही मागणी टिकणार नाही. पण शेतमालाच्या किमतींच्या जुन्या चर्चांमध्ये 'बल्क लाइन' खर्चाची कल्पना असे: साधारण 85 टक्के उत्पादनाचा खर्च ज्या आकड्यात भरून निघतो तो आकडा धरायचा. आपल्या पाचांत ही रेघ चौथ्यावर पडते, म्हणजे खर्च 5000. एका बाजूला 3390, दुसऱ्या बाजूला 5000. शेतकरी तेच, खते तीच, पिके तीच. फरक फक्त रांगेत बोट कोठे ठेवले याचा. सरकारने निदान रांग तरी दाखवावी. खर्चाच्या एका आकड्याऐवजी किती टक्के उत्पादन कोणत्या खर्चात निघाले याचा तक्ता जाहीर झाला, तर वाद घालायला दोन्ही बाजूंना जमीन मिळेल.

विम्याकडे वळताना एक सावधगिरी. वरचे वाचून कोणी असे समजू नये की सरासरी वैरी आणि मध्यक आपला सोयरा. 2016 च्या खरिपापासून आलेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेत भरपाई शेतावर नव्हे, विमा क्षेत्रावर ठरते. आपल्याकडे हे क्षेत्र सर्वसाधारणपणे महसूल मंडळ. मंडळात पीककापणीचे प्रयोग होतात, त्यांची सरासरी काढतात आणि ती उंबरठा उत्पादनाशी ताडून पाहतात. समजा, मंडळात दहा प्रयोग झाले आणि तीन गावांवर गारपीट झालेली. एकरी उत्पादन आले 0, 1, 1, 7, 7, 8, 8, 8, 9, 9. सरासरी 5.8. उंबरठा 6 असेल तर तूट 3.3 टक्के. ज्याचे पीक झोपले त्यालाही विमा रकमेच्या 3.3 टक्के, आणि ज्याला नऊ क्विंटल झाले त्यालाही 3.3 टक्के. इथे मध्यक घेतला असता तर तो आला असता 7.5, आणि तीन गावांना छदाम मिळाला नसता. हे शेपूट खालच्या बाजूचे, ऋण विषमतेचे. इथे सरासरी निदान थोडी तरी खाली झुकते. औषध मध्यक नाही. औषध आहे क्षेत्र लहान करणे, म्हणजे गारपिटीचे गाव आणि कोरडे राहिलेले गाव एका टोपलीत मोजले जाणार नाही.

उंबरठ्याची गोष्टही समजून घ्या. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घेऊन त्यांची सरासरी काढतात आणि जोखीमस्तराने गुणतात. दोन वाईट वर्षे वगळण्याची तरतूद चांगली आहे. पण ज्या भागाला सातांपैकी चार वर्षे दुष्काळाची गेली तिथे काय? 8, 8, 7, 3, 3, 2, 2 असे उत्पादन असेल तर चांगल्या पाचांतही दोन दुष्काळ बसतात. सरासरी 5.8, जोखीमस्तर 70 टक्के धरला तर उंबरठा 4 च्या आसपास. म्हणजे ज्याला विम्याची गरज सर्वात जास्त, त्याचे संरक्षण सर्वात तोकडे.

कापणीच्या प्रयोगात तुकडा कसा निवडला हेही पाहायला हवे. या विषयात आपल्या सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे यांचे नाव जगभर घेतले जाते. 1940 च्या दशकात त्यांनी दाखवून दिले की कापणीचा तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडे आत मोजली जातात आणि उत्पादन फुगून दिसते. प्रशांतचंद्र महालनोबीस यांच्याशी त्यांचा त्यावर मोठा वाद झाला. दोघेही मोठे, पण शेतकऱ्याने लक्षात ठेवायची गोष्ट सुखात्म्यांची: तुकडा चुकला की पुढचा सगळा भागाकार बरोबर असूनही उत्तर चुकते. तेव्हा गावात प्रयोग असेल त्या दिवशी शेत चिठ्ठीने निवडले की रस्त्याकडेचे हिरवे रान पाहून, हे बघायला चार जण हजर असले पाहिजेत.

पावसाबद्दल थोडक्यात. कमी पावसाच्या पट्ट्यात सात वर्षांचा पाऊस 300, 350, 380, 400, 420, 450 आणि एका अतिवृष्टीच्या वर्षी 1200 मिलिमीटर पडला, तर सरासरी 500 येते आणि सातांपैकी सहा वर्षे 'सरासरीपेक्षा कमी' ठरतात. त्या गावाची पिके 400 च्या बेताने निवडायची असतात, 500 च्या नव्हे. हवामान खाते सरासरीच्या 19 टक्के खालीवर झालेला पाऊसही सामान्यच धरते, हेही ध्यानात ठेवा.

आणि जमिनीचे? देशातल्या 68 टक्के खातेदारांकडे एक हेक्टरहून कमी जमीन आहे. म्हणजे मधला खातेदार 1.08 च्या सरासरीच्या खालीच आहे हे न मोजताही कळते; या लहान खात्यांचे सरासरी क्षेत्र 0.38 हेक्टर, एक एकरसुद्धा नाही. महाराष्ट्रात 1970-71 साली सरासरी 4.28 हेक्टर होती, 2015-16 साली 1.34 उरली. सरासरी धारणा धरून आखलेली योजना कोणाच्या बांधावर पोचते, याचा अंदाज यावरून बांधा.

एक दोष आपल्याकडेही आहे. चांगला भाव मिळाला तर आपण पट्टी खिशात घेऊन गावभर फिरतो. 700 ने विकले तर पट्टी चुलीत जाते. मग गावात ऐकू येतो तो फक्त वरचा भाव. बाजाराचा हिशेब मागायचा तर आधी आपली रांग पूर्ण हवी.

म्हणून पुढच्या जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने या हंगामातल्या सगळ्या पट्ट्या आणायच्या आहेत. लाजेच्याही आणि मानाच्याही. एका पिकाच्या एका आठवड्याच्या पट्ट्या भावाप्रमाणे लावायच्या, मधल्या पट्टीवर खूण करायची, खालच्या आणि वरच्या चौथाईवर रेघ मारायची. मग त्या आठवड्यात बाजार समितीने जाहीर केलेल्या सर्वसाधारण दराच्या खाली किती पट्ट्या पडतात ते मोजायचे. निम्म्याच्या आसपास असतील तर जाहीर दर आपल्या मधल्या पट्टीशी जुळतो असे म्हणू. तीन चतुर्थांश खाली असतील तर सभापतींकडे जाताना पट्ट्यांचा गठ्ठा बरोबर न्यायचा आणि दर कोणत्या नोंदींवरून काढला ते लेखी मागायचे. पट्टीवर तारीख, वजन आणि भाव तिन्ही दिसले पाहिजेत. अडत, हमाली, तोलाई वजा होण्याआधीचा भाव धरायचा. कच्च्या चिठ्ठ्याही आणा, पण वेगळ्या बांधून. त्यांची मोजणी स्वतंत्र होईल. महिला आघाडीच्या कार्यकर्त्यांनी मोजणीच्या टेबलावर बसावे, कारण घरातल्या पट्ट्या कोठे ठेवल्या आहेत हे त्यांनाच ठाऊक असते. मोजणी सकाळी दहाला सुरू होईल, भाषणे त्यानंतर.